मदत हवी आहे: अण्णांच्या जुन्या कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर करून पाहावं का?

नमस्कार. वडिलांसाठी विचारते आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ६१, निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग.

कंबरदुखीला चार वर्षं झाली. आधी फवारणीच्या दिवसांत दुखायची आणि मग निवायची. गेल्या दीड वर्षापासून मात्र रोजचंच झालंय. सकाळी उठताना आधी कुशीवर वळतात, खाटेचा लोखंडी गज धरून पाय खाली सोडतात आणि तसेच बसून राहतात. आईने ठेवलेला चहा निवतो तरी उभं राहायचं धाडस होत नाही. ट्रॅक्टरच्या सीटवर गोणपाटाच्या चार घड्या टाकून फवारणीचा ब्लोअर चालवतात. डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) भीतीने एका दिवसात दोनदा फवारणी झाली, की रात्री कूस बदलायलाही आई लागते.

एमआरआय झालाय. कमरेच्या एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी थोडी फुगली आहे. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की या वयात काहीही दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही असं दिसतं, ऑपरेशनची गरज नाही. पायात मुंग्या नाहीत, ताकद कमी झालेली नाही, लघवीवर ताबा आहे, ताप नाही, वजन घटलेलं नाही. तेवढं विचारून, तपासून झालंय.

खरी अडचण गोळ्यांची आहे. अण्णा गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून दोन वर्षं खात होते, रोज एक, कामाच्या दिवसांत दोन. मी स्वतः डी.फार्म. केलेली, आणि माझ्याच घरात हे चाललेलं मला कळलं नाही, याचं फार वाईट वाटतं. मे महिन्यात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी काम करते ते यावरून कळतं) १.६ आलं, बीपीही वाढलेलं. फिजिशियननी ती गोळी पूर्ण बंद केली. पॅरासिटामॉलने अण्णांना काही फरक पडत नाही. फिजिओने दिलेले व्यायाम पंधरा दिवस होतात, मग बागेचं काम निघतं आणि राहून जातात.

म्हणून ॲक्युपंक्चरचा विचार करते आहे. महिनाभर रात्री बसून जे वाचलं त्यातून माझा गोंधळ वाढलाच.

जर्मनीत २००७ मध्ये ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. तीन गट होते. एकाला खरं ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला खोटं (भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया) आणि तिसऱ्याला औषधं, फिजिओ, व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक होता, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या उपचारांत २७.४ टक्के. हे आकडे मी कितीतरी वेळा वाचले. सुया टोचल्याने फायदा दिसतोय, पण कुठे टोचल्या याने फारसं बिघडत नाही? अमेरिकेतल्या २००९ च्या अभ्यासात तर एका गटाला नळीतून नुसत्या दात कोरायच्या काडीने टोचल्यासारखं केलं होतं. त्यांनाही खऱ्या सुयांइतकाच आराम पडला!

सरकारी सल्लेही उलटसुलट. इंग्लंडच्या नाइस संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवलं आणि २०१६ मध्ये 'देऊ नका' म्हणून सांगितलं. अमेरिकेच्या मेडिकेअरने (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) मात्र २०२० पासून जुन्या कंबरदुखीसाठी त्याचा खर्च द्यायला सुरुवात केली.

मागच्या आठवड्यात नाशिकला एका ठिकाणी चौकशीला गेलो. तिथल्या गृहस्थांनी अण्णांना पालथं झोपवून पाहिलंसुद्धा नाही. तीस सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी, आणि 'बीपीच्या गोळ्याही हळूहळू सुटतील.' क्रिएटिनिनचा कागद मी पुढे केला तर हातात घेतला नाही. अण्णा भिडेखातर हो म्हणणार होते, मी त्यांना उठवून बाहेर आणलं.

माझे प्रश्न: कुणी जुन्या कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर केलंय का, आणि सहा महिन्यांनी काय स्थिती होती? माणूस योग्य आहे हे कसं ओळखायचं? आणि खोट्या सुयांइतकाच फायदा असेल, तर हे माहीत असताना वडिलांना तिथे नेणं बरोबर आहे का? ऑक्टोबर छाटणीच्या आत ठरवायचं आहे. एकदा छाटणी झाली की अण्णा बागेतून हलत नाहीत.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचं वाचन बरोबर आहे. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०२० च्या आढाव्यात ३३ अभ्यास आणि ८२७० रुग्ण होते, त्याचाही सूर हाच. खोट्या सुयांशी तुलना केली तर फरक अगदी थोडा, काहीच न करण्याशी केली तर दुखणं आणि हालचाल दोन्हींत फरक. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत सांगतो. अण्णांच्या बाबतीत तुलना सुया आणि डायक्लोफेनॅकची आहे. गोळीने किडनीला इजा होऊ शकते, सुयांनी बहुतेक वेळा फार तर काळंनिळं होतं किंवा चक्कर येते. नेण्यात काही गैर नाही, फक्त 'गादी आत जाईल' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. दुखणं कमी असेल त्या तासात व्यायाम करून घ्या, सुयांचा खरा उपयोग तिथे आहे. आणि ट्रॅक्टरची सीट आधी बदला. गोणपाटाने हादरे थांबत नाहीत.

प्रतिसाद २

मी स्वतः केलंय, शिवणकामामुळे दहा वर्षांची कंबरदुखी. आठवड्यातून दोनदा अशी दहा सिटिंग. चौथ्यापर्यंत काहीच नाही, मला वाटलं पैसे गेले. सहाव्यानंतर रात्रीची झोप लागायला लागली. दुखणं गेलं नाही, अर्ध्यावर आलं म्हणा. पाच महिन्यांनी परत वाढलं, पण पूर्वीइतकं नाही. सुई शिरताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग आत जड-जड वाटतं. माझ्या ॲक्युपंक्चरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का. हे न विचारणाऱ्याकडे जाऊ नका. सुया दरवेळी नव्या, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं हवं.

प्रतिसाद ३

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. भिंतीवरच्या फोटोवर जाऊ नका. पुष्कळ ठिकाणी आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचा फोटो असतो. मलाही त्यांच्याबद्दल फार आदर आहे, पण ते १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, पुढे पुन्हा चीनला जाऊन शिकून.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या ठिकाणीही कोटणिसांचा फोटो होता, आणि अण्णांचं मन निम्मं तिथेच वळलं होतं.

आज फिजिशियनशी बोलले. त्यांची हरकत नाही, बीपीच्या गोळीला हात लावायचा नाही एवढीच अट. नोंदणी असलेल्या एक बाई पिंपळगावला भेटल्या आहेत. दर सिटिंगला पैसे, पॅकेज नाही. त्यांनी अण्णांना वाकायला लावलं, चालायला लावलं, रिपोर्ट वाचले आणि 'दहा करू, सहाव्याला काहीच फरक नसेल तर मीच थांबवेन' म्हणाल्या. मेडिकेअरचा नियमही असाच आहे: ९० दिवसांत १२ सिटिंग, सुधारणा दिसली तरच आणखी ८. आम्हीही तसंच, फरक दिसला तरच पुढे, असं धरून चालतो आहोत.

आईकडे एक वही दिली आहे. अण्णा सकाळी खाटेवर किती वेळ बसून राहिले, ते ती घड्याळ बघून रोज लिहिणार आहे. आजचा आकडा अकरा मिनिटं. पहिलं सिटिंग मंगळवारी आहे.

आता एकच विचारायचं राहिलं. जुन्या ट्रॅक्टरला स्प्रिंगची सीट कुणी बसवून घेतली आहे का? नाशिक किंवा पिंपळगावच्या बाजूला कुठे मिळते, आणि जुन्याच नट-बोल्टवर बसते का?