प्रतिसाद: जोरापेक्षा सरळ दाब महत्त्वाचा

लाकडी पेन जोडायला आर्बर प्रेस (दांडा ओढून दाब देणारं यंत्र) घ्या, जोर जास्त मिळतो, असं वर सुचवलंय. पण लाकडाच्या आतल्या ७ मिमीच्या पितळी नळीत ट्विस्ट मेकॅनिझम (फिरवल्यावर रिफिल आतबाहेर करणारा भाग) बसवायला फार जोर लागतच नाही. प्रेसचे दोन्ही जबडे एका रेषेत हवेत. तिरपं दाबलं की टोकाशी पातळ कातलेलं लाकूड तडकतं.

माझ्या मते सगळ्यात गरजेचा म्हणजे स्टॉपर, म्हणजे जबडा ठरावीक जागी थांबवणारा अडसर, तोही बारीक आट्यांच्या स्क्रूवर पुढेमागे होणारा. मेकॅनिझम जरा जास्त आत गेलं की पेन बंद केल्यावरही रिफिलचं टोक बाहेरच राहतं, आणि दाबलेलं परत काढणं फार जिकिरीचं. म्हणून मेकॅनिझम किती आत जायला हवं त्या खुणेच्या अलीकडे थांबायचं, रिफिल घालून बघायचं, मग स्क्रू अर्धा आटा फिरवून पुढे दाबायचं. जबड्यांना नायलॉनच्या टोप्या मात्र नक्की बसवा, पेनच्या धातूच्या भागांच्या मुलाम्यावर चरे पडत नाहीत.