दात घासायचे म्हटलं की तुमचं पोर काय करतं?

आमची दीड वर्षाची लेक ब्रश दिसला की ओठ मिटून मान फिरवते. जबरदस्ती केली की घर डोक्यावर घेते. तुमच्याकडे काय चालतं? उपदेश नको, घडलेलं लिहा. (जळगाव)

भुसावळ : आमचा ब्रश चावतो आणि ओढायला गेलं की खदखदा हसतो. आता दोन ब्रश ठेवलेत. एक त्याला चावायला, दुसऱ्याने मी घासते. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, कारण थुंकता कुठे येतंय, सगळी पोटातच जाते.

चोपडा : सासूबाई सकाळी ओट्यावर बसून मिसरी लावतात. पोरीला ब्रश नको, ती डबीच पाहिजे. बोट पुढे करून म्हणते, "माले बी दे!" मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की हो, डबी लगेच वरच्या फळीवर गेली. रात्री मात्र सासूबाईंचाच उपयोग झाला. आधी आजीचे दात ती घासते, मग स्वतःचं तोंड उघडते. आजीचे उरलेत मोजकेच, पण तपासणी कडक असते. मी सांगितलं तर ऐकत नाही, हे आहेच.

शिरपूर (बाबा) : आम्ही दोघं गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसतो. पोराचं डोकं माझ्या मांडीवर, पाय हिच्या कमरेशी. रडतो. रडताना तोंड उघडंच असतं, तेवढ्यात मागच्या दाढा उरकतात. शेजारच्या काकू एकदा "काय झालं रे भो?" करत धावत आल्या होत्या.

अमळनेर : "दुधाचे दात, पडणारच" म्हणणाऱ्यांसाठी. नणंदेचा मुलगा दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपायचा. वरचे पुढचे दात आधी पांढुरके, मग तपकिरी झाले. पुढचे सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात, पण दाढा दहा-बारापर्यंत लागतात. त्या किडल्या तर पोर जेवणार कशाने? सकाळचा ब्रश एखाद्या दिवशी राहिला तर चालेल, रात्रीचा नाही, असं माझं मत.

नंदुरबार : आमचा पाच वर्षांचा. "मी मोठा झालो, मीच घासणार." पुढचे चार चकाचक, मागे केळं तसंच. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात आपणच फिरवायचा, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. त्याला ते अपमानास्पद वाटतं.

जळगाव : भुसावळच्या ताई, दुसरा ब्रश आत घालता तेव्हा तो पहिला सोडतो का? आमची दोन्ही धरून ठेवते.