सहावीतल्या मुलाचे गुण घसरले आहेत. त्याच्या अंगच्या गुणांचे शाळेत काय होते?

कृष्णाकाठ:

नमस्कार. माझा मुलगा सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात सहावीत शिकतो. चौथीपर्यंत तो आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. तिथे वर्गात एकोणीस मुले होती आणि गुरुजी त्याला घरच्या नावाने हाक मारीत. आता वर्गात साठाहून अधिक मुले आहेत आणि प्रत्येक तासाला वेगळे शिक्षक येतात. पहिल्या सत्रात त्याला मराठी आणि इतिहासात फारच कमी गुण मिळाले. गणित बरे आहे, विज्ञानाच्या लेखी परीक्षेत मात्र निम्मी उत्तरे अर्धवट सोडलेली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी तपासून काही दोष नाही असे सांगितले, आणि रविवारी पोट दुखत नाही हे आमच्याही लक्षात आले आहे.

हाच मुलगा शेतातल्या मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेले आहे हे सांगतो. त्याच्या आजीच्या सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या दोन डब्यांत लावून ठेवण्याचे काम त्याने स्वतःहून घेतले असून वर्षभरात एकदाही चूक केलेली नाही. धाकट्या चुलत भावाला सायकल शिकवताना मी त्याला पाहिले आहे. इतका धीर माझ्याजवळही नाही. प्रगतिपुस्तकात मात्र 'विशेष प्रगती' या रकान्यात 'वर्गात शांत बसतो' एवढेच लिहून आले.

सासऱ्यांचे म्हणणे असे की, मोटारींचे कौतुक केले तर मुलगा पुस्तक हातात धरणार नाही. मला ते पटत नाही, पण त्याचे हे चांगले गुण मी केवळ माझ्या मनाच्या समाधानासाठी मोजते आहे का, अशीही शंका येते. या गुणांचा त्याच्या शिक्षणाला आणि मनाच्या स्वास्थ्याला खरोखर आधार होऊ शकतो का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

फळा-खडू:

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 'वर्गात शांत बसतो' ही नोंद वाचून मला वाईट वाटले, कारण अशा नोंदी मीही लिहिलेल्या आहेत. २०१० पासून आपल्याकडे पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड, छंद आणि सुधारणा आवश्यक असलेल्या बाबी शब्दांत लिहिणे आमच्याकडे आले. कल्पना अतिशय चांगली होती. पण सत्र संपताना हाताशी वेळ नसतो, तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरत असतात, आणि त्यांतून वाक्ये उचलली जातात. एका वर्षी सबंध सत्रात तोंडातून शब्द न काढलेल्या मुलीच्या नावापुढे मी 'स्वतःहून प्रश्न विचारते' असे लिहिले. तिच्या वडिलांनी ते अक्षर अक्षर लावत वाचले आणि मला अगदी साधेपणाने विचारले, "बाई, ही आमच्याच मुलीची नोंद आहे ना?" त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर मी रोज फक्त पाच मुलांकडे जाणीवपूर्वक पाहायचे आणि शाळा सुटल्यावर प्रत्येकाविषयी एक घडलेली गोष्ट वहीत लिहायची, असे ठरवले. 'मदत करतो' असे न लिहिता, 'डब्याच्या सुट्टीत पाय मुरगळलेल्या मित्राला न सांगता पाणी आणून दिले' असे लिहिले की मूल दिसू लागते. त्या अबोल मुलीविषयीची माझी पहिली खरी नोंद अशी होती की, सहलीला जाताना बसमध्ये कोण कोण चढले नाही हे तिने मोजून सांगितले. पुढे हजेरी मोजण्याचे काम तिच्याकडे दिले आणि ती बोलू लागली ती आकड्यांपासून.

तुमच्यासाठी उपयोगाची गोष्ट अशी. सहावीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारे) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) मूल्यमापन यांचा भार निम्मा-निम्मा असतो. आकारिकमध्ये तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प ही साधने आहेत. म्हणजे मोटारीचा आवाज ओळखणाऱ्या मुलाला विज्ञानात आपली समज दाखवण्याची जागा नियमानेच दिलेली आहे. ती कुणीतरी त्याच्यापुढे मांडायला हवी. आपण वर्गशिक्षकांना भेटायला जाल तेव्हा 'तो हुशार आहे हो' असे सांगू नका. ते आम्हाला प्रत्येक पालक सांगतो. गोळ्यांच्या डब्यांची, मोटारीची आणि सायकलची गोष्ट जशी इथे लिहिलीत तशीच कागदावर लिहून द्या. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला एवढा धागा पुरतो.

दोन मुलींचा बाबा:

वरील प्रतिसाद मोलाचा आहे, तरी एक सावधगिरीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या थोरल्या मुलीचे चित्र फार चांगले होते. अभ्यासात ती मागे पडत असताना 'तिच्या बलस्थानावर भर द्या' असा सल्ला मिळाला आणि आम्ही तो मनापासून पाळला. चित्रकलेचा क्लास लावला, शासकीय चित्रकला परीक्षांपैकी एलिमेंटरी झाली, मग इंटरमिजिएट, कारण त्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. जी मुलगी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून अंगणात खडूने चित्रे काढीत असे, ती घड्याळ लावून स्थिरचित्राचा सराव करू लागली. इंटरमिजिएटला तिला 'अ' श्रेणी मिळाली आणि त्यानंतर आजतागायत, म्हणजे चार वर्षे, तिने स्वतःहून ब्रश हातात घेतलेला नाही.

मुलाची एखादी शक्ती दिसली की तिचेही गुणांत रूपांतर करण्याची घाई आपल्याला होते. थकलेल्या मुलाला जिथे विसावा मिळतो अशी एखादीच जागा असते, आणि आम्ही आमच्या हातांनी तिथे परीक्षा नेऊन ठेवली. म्हणून ताई, मोटारीचे त्याचे वेड काही काळ तसेच राहू द्या. विज्ञानाच्या शिक्षकांना जरूर सांगा, पण त्यासाठी क्लास शोधू नका. आजोबांनाही एवढेच सांगावे की, त्या वेडामुळे पुस्तक सुटलेले नाही. पुस्तक आधी सुटले आहे आणि ते का सुटले हे अजून कुणी पाहिलेले नाही.

समुपदेशक, ठाणे:

मी शाळांमध्ये समुपदेशनाचे काम करते. वरील प्रतिसादातले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या वर्णनात मला एक आकृतिबंध दिसतो. ज्या विषयांत बरेच वाचायचे आणि लिहायचे असते तिथे तो अडखळतो, आणि जिथे ऐकून, पाहून, हाताळून समजते तिथे पुढे असतो. चौथीपर्यंत ओळखीच्या गुरुजींनी प्रश्न तोंडी समजावून दिल्यामुळे ही अडचण झाकली गेली असण्याची शक्यता आहे. आपण घरी एक साधी गोष्ट करून पाहावी. इतिहासाच्या पुस्तकातला न वाचलेला एक परिच्छेद त्याला मोठ्याने वाचू द्या, आणि दुसरा तितकाच मोठा परिच्छेद आपण वाचून दाखवा. दोन्हींवर तोंडी प्रश्न विचारा. उत्तरांत मोठा फरक असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे समज चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणित अडते का याची, चाचणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळाल्यास वाढीव वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. ही परीक्षा पास-नापासाची नसते, हे त्याला आधीच सांगावे.

पोटदुखीविषयी. ती खोटी नाही. शाळेची धास्ती लहान मुलांत पोटातून आणि डोक्यातून बोलते, आणि दुखणे खरोखरच जाणवत असते. 'नाटक करू नकोस' असे कुणी म्हटले तर दुखण्याबरोबर ते सांगण्याचीही भीती बसते. वर्गात कुणी चिडवते का, कुणी शिक्षा करते का, हेही हळूच विचारावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे. झोप किंवा भूक कमी होऊ लागली, खेळणे सुटले, जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर वाट न पाहता बालमानसतज्ज्ञांना भेटावे. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या शासकीय मदतवाहिनीच्या, क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मुलाच्या अंगचे गुण कितीही मोठे असले तरी उपचाराची जागा ते घेऊ शकत नाहीत.

आता आपला मूळ प्रश्न. आम्ही वापरतो त्यांपैकी एक प्रश्नावली रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या २५ विधानांत चिंता, वर्तन, चंचलता आणि सवंगड्यांशी येणाऱ्या अडचणी जशा विचारल्या आहेत, तशीच पाच विधाने दुसऱ्याची जाण ठेवणे, वाटून घेणे, लहानांशी प्रेमाने वागणे यांविषयी आहेत. मला त्या पाच विधानांचा उपयोग असा होतो की, तक्रारी घेऊन आलेले पालक तिथे पोहोचल्यावर थांबतात आणि मुलाकडे नव्याने पाहतात.

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत घेतला. दारिद्र्य, घरातली भांडणे, पालकांचे आजार अशा अनेक अडचणी एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्ती, समंजस आणि काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्यात फार मोठी प्रतिभा होती असे नाही. पण घरात किंवा घराबाहेर त्यांना जपणारे निदान एक मोठे माणूस होते, स्वतःला येते असे काहीतरी हाताशी होते, आणि पुष्कळांवर घरातली एखादी खरी जबाबदारी होती. आजीच्या गोळ्यांचे डबे वाचताना मला हेच आठवले. त्या कामात आपल्या मुलाला रोज हे कळते की आपल्यावर कुणीतरी विसंबून आहे. शाळेत त्याला अजून तसे वाटलेले नाही.

मनाकडे लक्ष दिल्याने अभ्यास मागे पडतो या भीतीविषयी एवढेच सांगते. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये भावनिक आणि सामाजिक कौशल्ये शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत दोन लाख सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थी होते, आणि शैक्षणिक संपादणुकीत सरासरी ११ शततमकांचा फायदा दिसला, म्हणजे शंभरांपैकी पन्नासांच्या पुढे असलेला विद्यार्थी एकसष्टांच्या पुढे जाईल इतका. ते कार्यक्रम आपल्या शाळांतले नव्हते, हे लक्षात ठेवूनही हा आकडा मला धीर देतो.

फळा-खडू:

समुपदेशकताईंनी वाचनाचा मुद्दा काढला ते फार बरे झाले. मीही मुलाच्या अंगच्या गुणांकडेच पाहत राहिले आणि ती अडचण माझ्या नजरेतून सुटली.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. दोन परिच्छेदांचा प्रयोग केला. मी वाचून दाखवलेल्या परिच्छेदावरच्या सहापैकी पाच प्रश्नांची उत्तरे त्याने बरोबर दिली. स्वतः वाचलेल्या परिच्छेदात जोडाक्षरांवर अडला, दोनदा ओळ चुकला, आणि एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ शकला. मग म्हणाला, "आई, अक्षरे लावता लावता आधीचे विसरायला होते." हे त्याने यापूर्वी कुणाला सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

डोळे आणि कान तपासले, ते ठीक आहेत. चाचणीसाठी रुग्णालयात पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. वर्गशिक्षकांना तीन गोष्टींचा कागद दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला, आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात विद्युत परिपथ जोडण्याचे काम त्याच्या गटाकडे दिले. वर्गात मोठ्याने वाचायला सध्या उठवणार नाही असेही म्हणाले. पोटदुखी थांबलेली नाही, पण गेल्या आठवड्यात फक्त सोमवारी आणि गुरुवारी दुखले. गुरुवारी इतिहासाचे दोन तास असतात. सासरे आता रात्री त्याला इतिहासाचा धडा वाचून दाखवतात. परवा मी दारातून पाहिले, तर धडा संपवून दोघे जुन्या मोटारीचे झाकण उघडून बसले होते.