फौंड्रीची माहिती आरडीएफमध्ये घातली की दलाल संपणार म्हणे!

शिरोली_नाका
काल फिरलेली पोस्ट वाचली. म्हणणं असं की कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांनी आपली क्षमता आरडीएफमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या तीन-तीन भागांच्या विधानांत (वस्तू, गुण, किंमत; यालाच ट्रिपल म्हणतात) मांडावी. मग खरेदीदाराचं सॉफ्टवेअर आपणहून फौंड्री शोधेल, कोटेशन मागवेल आणि मधला दलाल घरी बसेल.

हे गाजर 2001 पासून दाखवतायत. सेवा शोधायची सार्वजनिक नोंदवही यूडीडीआय, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅपनी 2006 मध्ये गुंडाळली. अनोळखी फौंड्रीला मशीनच्या भरवशावर ऑर्डर कोण देतं? आधी ऑडिट, मग सॅम्पल, मग पीपीएपी (उत्पादन सुरू करण्याआधीची पार्टची मंजुरी). यातलं काय ट्रिपलमध्ये बसतं?

रंकाळा_ग्राफ
ती पोस्ट माझीच. यूडीडीआय आरडीएफवर नव्हतंच, तेव्हा त्याचं मढं माझ्या दारात आणू नका. शोधाचं सोडा, घरातलं बघा. एकच पार्ट ईआरपीमध्ये (कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एका नावाने, टेस्ट सर्टिफिकेटवर दुसऱ्या, ग्राहकाच्या ड्रॉइंगवर तिसऱ्या. ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन मिळून एक आयआरआय (वेब-पत्त्यासारखं ओळखपत्र) द्या, तिन्ही नोंदी त्याला जोडा. हीट नंबरवरून (भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर) कुठल्या डिस्पॅचमध्ये काय गेलं, हे स्पार्कलच्या, म्हणजे आरडीएफला प्रश्न विचारायच्या भाषेतल्या, एका क्वेरीत निघतं.

उद्यमनगर_जुना
एक्सेलमध्ये व्हीलूकअप लावला की हेच निघतं. आणि पेमेंट? लेखी करार असला तरी लहान उद्योगांचे पैसे चुकवायला 45 दिवसांची कमाल मर्यादा कायद्यात आहे, ती कोण पाळतंय? त्याचं ट्रिपल काढा आधी.

रंकाळा_ग्राफ
पेमेंटचा वेगळा धागा काढा की राव. व्हीलूकअप रिव्हिजन सी आणि डी वेगळं धरत नाही, पहिली जुळणारी ओळ उचलतो. ग्रेडचंही तसंच. बिडाच्या भारतीय, युरोपीय आणि अमेरिकन ग्रेड एफजी 260, जीजेएल-250 आणि क्लास 35 एकमेकांना सेम-अ‍ॅजने, म्हणजे 'दोन्ही एकच वस्तू' सांगणाऱ्या दुव्याने, जोडले की कुणी काहीही लिहो, शोध बरोबर लागतो.

चार्जहँड_कागल
थांबा. सेम-अ‍ॅज?? इथंच माती खाल्ली. आयएस 210 च्या एफजी 260 ची किमान ताणशक्ती 260 एमपीए (मेगापास्कल). जीजेएल-250 ची 250. एएसटीएम ए48 चा क्लास 35 म्हणजे 35 केएसआय (हजार पौंड प्रति चौरस इंच), 241 एमपीए. तुम्ही तिघांना एकच वस्तू ठरवलं. आता खरेदीदाराने "किमान 260" मागितलं की क्लास 35 ओतणाराही यादीत येणार, कारण रीझनरने, म्हणजे नोंदींवरून निष्कर्ष काढणाऱ्या सॉफ्टवेअरने, 260 चा आकडा त्याच्याही नावावर चढवलाय. किमान ताणशक्तीला फंक्शनल प्रॉपर्टी (एका वस्तूला एकच किंमत असलेला गुण) केलं तर आकडे भांडतात आणि अख्खा ग्राफ विसंगत. नाही केलं तर तिन्ही आकडे मुकाट नांदतात, आणि ते जास्त वाईट.

रंकाळा_ग्राफ
बरं, सेम-अ‍ॅज नको. स्कॉस या संज्ञा जोडायच्या शब्दसंचातलं एक्झॅक्ट-मॅच (तंतोतंत जुळतं) लावू.

चार्जहँड_कागल
तेही संक्रमक आहे, साखळीने पुढे जातं. 260 ला 250 जवळ, 250 ला 241 जवळ, दोन उड्यांत 19 एमपीए गायब! क्लोज-मॅच (जवळपास जुळतं) लावा, ते पुढे ढकललं जात नाही. शिवाय हे आकडे वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारचे. 30 मिमीच्या बारला 260 मिळालं म्हणून 60 मिमी जाडीच्या भिंतीत मिळत नाही. तिथं थंड व्हायला वेळ लागतो, ग्रॅफाइट जाड होतं, ताकद उतरते. म्हणजे नुसती ग्रेड लिहून भागत नाही, बारचा व्यास आणि भिंतीची जाडी सोबत हवी.

शिरोली_नाका
आता कळलं दलाल कशाचे पैसे घेतो! हे सगळं त्याला तोंडपाठ असतं.

रंकाळा_ग्राफ
दलाल तोंडपाठ ठेवतो, मी लिहून ठेवतो म्हणतोय. चार्जहँडसाहेबांचं मान्य, मास्तरांनी छडी मारल्यावर मान्य करावंच लागतं.

गोकुळ_पॅटर्न
एक राहिलं. आऊलमध्ये (आरडीएफमधल्या गोष्टींचे अर्थ आणि नियम लिहायची भाषा) "हीट नंबर किमान एक" लिहिलं आणि नोंदीत नंबर नसला, तर रीझनर तक्रार करत नाही. तो धरून चालतो की नंबर असेल, फक्त आपल्याला माहीत नाही. डिस्पॅचच्या गेटवर हा उदारपणा काय कामाचा? तिथं शॅकल लावा, म्हणजे नोंद अटींत बसते का ते तपासणारे नियम. मिन-काउंट (किमान संख्या) 1 दिलं की नंबर नसलेली नोंद तपासणीत नापास होते. आणि आयआरआय कंपनीच्या डोमेनवर ठेवताय ना? ते रिन्यू करायला विसरलात तर एकही ओळखपत्र उघडणार नाही. डब्ल्यूथ्रीआयडी या कायमचे वेब-पत्ते देणाऱ्या सेवेवरून वळवून घ्या, पत्ता बदलला तरी आयआरआय तोच राहतो.

उद्यमनगर_जुना
एक्सेलचं डोमेन रिन्यू करावं लागत नाही, एवढंच म्हणतो.

रंकाळा_ग्राफ
करू नका. तुमच्या शीटमधल्या जाडीच्या रकान्यात काही आकडे इंचात आहेत, काही मिमीत, आणि रकान्याला एकक नाही. परवा तुम्हीच पाठवलीत.

उद्यमनगर_जुना
इंचातले अमेरिकन पार्टचे आहेत. बघितलं की कळतं.

चार्जहँड_कागल
कुणाला कळतं?