मदत हवी आहे: काजूच्या बागेतलं पिवळं फूल काळी मुसळीचं का? कुंडीतली रोपं गेली का?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात, समुद्राच्या जवळच आमची काजूची बाग आहे. वरच्या अंगाला थोडं रान मुद्दाम राखलंय. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की तिथे झाडांखाली पिवळ्या चांदण्या उमलतात, अगदी जमिनीला टेकून. सहा पाकळ्या, मागच्या बाजूला बारीक लव. पानं शिंदीच्या कोवळ्या रोपासारखी लांबट, घड्या पडलेली. इतकी वर्षं मी शिंदीच समजत होते!

शेजारचे काका म्हणतात, ही काळी मुसळी. "उपटून बघ, मूळ वरून काळं नि आत पांढरं निघेल." पण नुसत्या खात्रीसाठी रोप उपटायचं मला जिवावर येतं. आधीच गेल्या श्रावणात दोन रोपं कुंड्यांत हलवली, त्यातल्या एकाचं मूळ खणताना मध्येच तुटलं. दिवाळीनंतर दोन्हींची पानं सुकली. आता वैशाख आला तरी कुंड्या रिकाम्या, आणि आईचा त्यात मिरची लावायचा बेत आहे.

न उपटता ओळखता येईल का? आणि बेणणी कधी करावी? गडी ग्रासकटर घेऊन आला की गवताबरोबर हेही साफ होतं.

प्रतिसाद १
वर्णनावरून काळी मुसळीच. पाऊस पडला की एक फूल हलकेच खाली चाचपून बघा. देठासारखी दिसते ती फुलाचीच नळी, बीजकोश खाली पानांच्या बुडख्यात, मातीत दडलेला असतो. शिंदीच्या रोपाला असं फूल येणारच नाही. जुन्या पानांची टोकंही बघा, जमिनीला टेकून कधी कधी तिथेच नवं रोप धरतात.

कुंड्या टाकू नका. उन्हाळ्यात पानं जातातच, कंद आत झोपलेला असतो. तुटलेल्याचा वरचा, डोळा असलेला तुकडा लावला असेल तर तोही फुटेल. सध्या पाणी घालू नका, कुजेल. बेणणी पानं पिवळी पडल्यावर करा. औषधासाठी खणून खणून रानातली मुसळी फार कमी झालीय, तुमची राखाच.

धागाकर्ती
आभार! वरचाच तुकडा लावला होता. आईला मिरचीसाठी दुसरी कुंडी दिली.