तैवानचा व्हिसा देणारं हे 'सेंटर' म्हणजे एम्बसीच का?

पुणेरी_पाटी: धाकट्या भावाला तैवानमध्ये एमएसला अ‍ॅडमिशन मिळालीये, व्हिसाचं बघतोय तर एम्बसी कुठेच नाही, जिकडे तिकडे 'तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर' असलं काहीतरी. बाबा म्हणतात कल्चरल सेंटर कुठे व्हिसा देतं का, एजंट गंडवतोय. खरं काय?

गोडबोले_काका: बाबांना सांगा निर्धास्त राहा, हीच त्यांची एम्बसी, फक्त पाटी वेगळी. चीन तैवानला आपलाच भाग मानतो, आणि भारताने 1950 साली बीजिंगच्या म्हणजे चीनच्या सरकारशी अधिकृत संबंध जोडले, तेव्हापासून तैवानशी अधिकृत संबंध नाहीत. पण धंदा, पोरांचं शिक्षण हे कसं थांबणार, मग 1995 मध्ये दोघांनी एकमेकांकडे ऑफिसं उघडली. त्यांचं दिल्लीत, आपलं त्यांच्या राजधानीत तैपेईत, नाव 'इंडिया-तैपेई असोसिएशन', ऐकून वाटतं गणेशोत्सव मंडळ आहे पण प्रमुख आपल्या परराष्ट्र सेवेतला (आयएफएस) अधिकारी असतो! त्यांचं चेन्नईत 2012 ला आणि मुंबईत 2024 ला पण झालं, मुंबईच्या वेळी चीनने निषेध नोंदवलाच.

तैपेईकर: +1. माझा पासपोर्ट इथे हरवला होता, नवीन त्याच असोसिएशनमधून मिळाला. 'राजदूत' शब्द तेवढा कुणी उच्चारत नाही.
अमेरिकेचं तर अजून भारी, 1979 ला त्यांनी बीजिंगशी संबंध जोडले आणि तैपेईत 'अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान' काढली, कागदोपत्री ती ना-नफा खाजगी संस्था. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे जाणारा अधिकारी आधी सरकारी नोकरीतून तात्पुरता बाहेर पडायचा आणि परत आला की पुन्हा नोकरीत, म्हणजे सोवळं सोडलं नाही आणि जेवणही झालं 😄

पुणेरी_पाटी: धन्यवाद! बाबांचा पुढचा प्रश्न, एवढं सगळं करतात तर सरळ दूतावास लिहायला काय जातं?

गोडबोले_काका: लिथुआनियाला विचारा म्हणावं. 2021 मध्ये त्यांच्या राजधानीत, व्हिल्निअसला, तैवानचं असंच ऑफिस निघालं, दूतावास वगैरे नाही हां, फक्त नावात 'तैपेई'ऐवजी 'तैवानी' आलं, तेवढ्यावरून चीनने त्यांच्याशी संबंधांचा दर्जा खाली आणला. एका शब्दापायी!

माझगावकर: थोडं अवांतर, पण असला कारभार मुंबईने आधीच बघितलाय. इस्रायलला आपण 1950 मध्येच मान्यता दिली पण पूर्ण संबंध 1992 मध्ये, मधली कित्येक वर्षं देशात त्यांची फक्त मुंबईतली कॉन्सुलेट, म्हणजे एम्बसीपेक्षा खालच्या दर्जाची कचेरी, होती. ती अधिकृत होती, त्यामुळे तैवानसारखी केस नाही, पण दिल्लीत एम्बसी नाहीच. 1982 ला तिथल्या कॉन्सुलने मुलाखतीत भारताच्या धोरणावर टीका केली तर त्याला परत पाठवला.

तैपेईकर: @पुणेरी_पाटी एजंट कशाला पण? सेंटरच्या साईटवर फॉर्म आहे, भावालाच भरू दे. आणि थालीपीठाची भाजणी द्या बरोबर, इथे मिळत नाही.

पुणेरी_पाटी: एजंटला 'नको' म्हणून सांगितलं आत्ताच. बाबा आता विचारतायत की मग पंधरा हजार कसले मागत होता तो.