पवित्र शास्त्राचा अभ्यास : वाचनाची कोणती रीत तुम्हाला उपयोगी पडली?

सर्वांना सलाम. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी एक उतारा वाचून पुस्तक मिटण्याची रीत आपल्या बहुतेक घरांत आहे. त्यापलीकडे जाऊन ज्यांनी बायबलमधील एखाद्या पुस्तकाचा ठाण मांडून अभ्यास केला, त्यांनी तो कसा केला आणि त्यातून काय उमगले, हे येथे लिहावे अशी विनंती आहे. मराठीत नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, १८११ सालीच बंगालमधील सेरामपूरला छापला गेला, आणि पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले; तेव्हा पुस्तक हाताशी नव्हते, ही सबब आपल्याला नाही. विश्वासाच्या अनुभवाची साक्ष नको, अभ्यासाविषयी लिहावे, आणि अध्याय व वचन यांचे आकडे द्यावेत, म्हणजे इतरांना पडताळून पाहता येईल.

निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर

येशूचे चरित्र सांगणारे मार्ककृत शुभवर्तमान अवघ्या सोळा अध्यायांचे आहे आणि मोठ्याने वाचले तरी साधारण दोन तासांत संपते. आमच्या मंडळीतील काही स्त्रियांनी ते एकाच बैठकीत, आळीपाळीने वाचले, तेव्हा दर रविवारी तुकड्यातुकड्यांनी ऐकताना कधीच न जाणवलेली त्याची बांधणी लक्षात आली. आठव्या अध्यायात येशू बेथसैदाच्या आंधळ्याला दृष्टी देतो, परंतु एकदम नाही. आधी त्याला माणसे झाडांसारखी दिसतात आणि पुन्हा हात ठेवल्यावरच सारे स्पष्ट होते (८:२२-२६). दहाव्या अध्यायाच्या शेवटी बार्तीमयाला दृष्टी मिळते आणि तो येशूच्या मागे वाट चालू लागतो (१०:४६-५२). या दोन प्रसंगांच्या मध्ये येशू तीन वेळा आपल्या मरणाविषयी सांगतो (८:३१, ९:३१, १०:३३-३४), आणि तिन्ही वेळा शिष्यांची समज थिटी पडते : पेत्र त्याला बाजूला घेऊन अडवतो, मग आपल्यात मोठा कोण यावर सगळे वाद घालतात, आणि शेवटी याकोब व योहान त्याच्या उजवी-डावीकडच्या जागा मागतात.

बेथसैदाचा चमत्कार अर्धवट का राहावा, हा प्रश्न मला पूर्वीपासून होता. पण लगेच पुढे पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो (८:२९) आणि तीनच वचनांनंतर त्यालाच दटावतो, म्हणजे त्यालाही त्या घटकेला अर्धेच दिसत होते. हे कोणत्याही टीकाग्रंथावाचून, केवळ सलग वाचल्याने ध्यानात येते, हे मला विशेष वाटते. आमच्यापैकी एकीचे मत मात्र असे की मार्काने एवढी योजना आखली असेलच असे नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

वाचक, वसई

मी चर्चमधील मिस्सावेळी, म्हणजे कॅथलिक उपासनेत, शास्त्रवाचन करतो. आमची रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात. मत्तय, मार्क आणि लूक यांना एकेक वर्ष दिलेले असते, आणि मार्क आटोपशीर असल्याने त्याच्या वर्षात योहानाचा सहावा अध्यायही काही रविवार चालतो. सामान्यकाळात, म्हणजे नाताळ व पुनरुत्थानाचे सणकाळ सोडून उरलेल्या दिवसांत, जुन्या करारातील पहिले वाचन शुभवर्तमानाला जोडून निवडलेले असते. त्यामुळे शनिवारी दोन्ही उतारे शेजारीशेजारी वाचण्याची सवय मी लावून घेतली. उदाहरणार्थ, संदेष्टा अलीशा जवाच्या वीस भाकरींवर शंभर माणसांना जेवू घालतो, सेवक एवढ्यावर कसे भागेल असे विचारतो, आणि अन्न उरते (२ राजे ४:४२-४४). येशूने पाच हजारांना जेवू घातल्याचे चारही शुभवर्तमानांत आहे, पण भाकरी जवाच्या होत्या हे एकटा योहानच सांगतो (६:९).

परिचारिका, मिरज

आजाऱ्याच्या उशाशी वचने लिहून ठेवणारे नातेवाईक मी नेहमी पाहते, आणि त्यांतील काही वचने ईयोबाच्या पुस्तकातील असतात. तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट फार मोठा होईल, या अर्थाचे ८:७ हे वचन त्यांपैकीच एक. ते दुःखात पडलेल्या ईयोबाच्या भेटीला आलेल्या तीन मित्रांपैकी बिल्ददाच्या तोंडचे आहे, आणि त्याच भाषणात थोडे आधी तो ईयोबाला सुचवतो की तुझी मुले त्यांच्या पापामुळे मेली (८:४). शेवटी देव अलीफज या दुसऱ्या मित्राला म्हणतो की तू व तुझे दोन मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत (४२:७). म्हणून मी हे पुस्तक वाचताना प्रत्येक भाषणाच्या समासात बोलणाऱ्याचे नाव लिहिले. यावरून मित्रांचे सगळेच बोलणे टाकून द्यावे, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, कारण अलीफजाचेच एक वाक्य (५:१३) प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (३:१९) शास्त्राधार म्हणून घेतले आहे. मित्र सात दिवस व सात रात्री ईयोबाजवळ काही न बोलता बसले (२:१३), ते त्यांचे सर्वांत शहाणपणाचे वागणे होते असे माझे रुग्णालयातील अनुभवावरून मत आहे.

शेतकरी, जालना जिल्हा

रूथचे पुस्तक मी जुन्या करारातील नियमशास्त्र शेजारी ठेवून वाचले. शेताच्या कडा कापू नयेत आणि सरवा गरीब व उपरा यांच्यासाठी ठेवावा, हे लेवीय १९:९-१० मध्ये आहे. आमच्याकडे ज्वारीच्या काढणीनंतर सरवा वेचणाऱ्या बाया मी लहानपणी पाहिलेल्या आहेत. मालकाने परवानगी दिली तरी गड्यांचे बोल खावे लागत, त्यामुळे सरवा वेचायला आलेल्या रूथला कोणी त्रास देऊ नये ही शेतमालक बवाजाची ताकीद (२:९) मला फार खरी वाटते. पेंढ्यांतून मुद्दाम कणसे टाकून द्या, असे तो सांगतो (२:१६), ते तर नियमाच्याही पुढचे आहे. अडचण दुसरीकडे आहे. मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशातील, मनुष्याने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असे नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक (२३:३) सांगते, आणि मवाबी रूथ तर दावीद राजाची पणजी ठरते (४:१७). आमचे पाळकसाहेब म्हणतात की तो नियम पुरुषांपुरता होता. मला ते पटत नाही, कारण पुस्तक तिला पुन्हापुन्हा मवाबी म्हणते, आणि ते विनाकारण नसावे.

संडे स्कूलची शिक्षिका, नागपूर

वरील सर्व लेखनात पाठांतराचा कोणी उल्लेखही केलेला नाही, म्हणून त्याची बाजू मांडते. मला २२वे स्तोत्र लहानपणापासून पाठ होते. पुढे येशूला वधस्तंभावर खिळल्याचा मार्काचा पंधरावा अध्याय अभ्यासाला घेतला, तेव्हा वस्त्रांसाठी टाकलेल्या चिठ्ठ्या (१५:२४), डोकी हालवणारे वाटसरू (१५:२९) आणि माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास ही हाक (१५:३४), हे सारे त्या स्तोत्रातले आहे, हे संदर्भसूची न उघडता ओळखू आले. मात्र तेच स्तोत्र पुढे सांगते की देवाने पीडिताची पीडा तुच्छ लेखली नाही (२२:२४), आणि त्याचा शेवट स्तुतीने होतो. वर्गात सहसा पहिली काही वचनेच पाठ करून घेतात, त्यामुळे हा भाग मुलांच्या कानावर येतच नाही. यंदा मोठ्या मुलांना मी ते पूर्ण पाठ करायला दिले आहे. एकतीस वचने फार होतात, अशी पालकांची तक्रार आहे.